शंभर कागदांचा वैशाख

राब भाजला की चार दिवस घरभर त्याचा वास राहतो. धुऊन वाळत घातलेल्या पातळाला, पाण्याच्या हंड्याला, माझ्या केसांना. यंदा आमच्या वरच्या तुकड्यातला राब काल पेटवला. भाताची रोपं जिथे करायची त्या जमिनीवर शेण, पालापाचोळा, झाडांचे तोडलेले टहाळ असे थर घालायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने आग लावायची. मग आग पळत नाही, बसत बसत पुढे सरकते. मी बांधावर उभी होते. राखेचा एक कण माझ्यासमोर हवेत कितीतरी वेळ हिंडत राहिला. वर गेला, थोडा खाली आला, परत वर, परत वर, मग खाली. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "छापा, काटा, छापा, छापा, काटा." शेजारच्या तुकड्यातली बाई वळून बघायला लागली. मी पदर तोंडाशी धरला आणि धुराने खोकला आल्यासारखं केलं.

तो वैशाख मला असाच आठवतो. कुठून तरी धूर येतो, नाहीतर कैरीचा चीक हाताला लागतो, आणि दहा-अकरा वर्षं मागे जायला होतं.

कुंदा माझी धाकटी नणंद. तेव्हा ती आटगावहून लोकलने कल्याणच्या कॉलेजात जायची. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय संख्याशास्त्र. आधीच्या वर्षी तिचा एक पेपर राहिला होता. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे घरात आबा म्हणजे माझे सासरे, आमचे हे, कुंदा आणि मी. आबांनी मुरबाडकडचं एक स्थळ पाहून ठेवलं होतं. माणसं बरी होती. भातशेती, बाजारात दाण्याचं दुकान. पण त्यांना नोकरी करणारी सून नको होती आणि ती मंडळी दोन वर्षं वाट बघत होती.

आबा रागावणारे नव्हते. एका सकाळी ओट्यावर पावसाळ्यासाठी इरलं विणत बसले होते. बांबूच्या काडीत पळसाचं पान ओवता ओवता, मान वर न करता म्हणाले, "कुंदे, यंदाचा निकाल लागू दे. सुटलीस तर पुढं कर काय करायची ती नोकरी, मी मधी येणार नाय. नाय सुटलीस तर तुळशीचं लगीन झालं की तुझं. त्या लोकांना आणखी किती थांबवू?"

कुंदा "बरं" म्हणाली आणि आत आली. चुलीशी माझ्याजवळ बसली. मी वाल निवडत होते. तिने सुपातला एक वाल उचलला, उगीच फिरवला, परत टाकला. म्हणाली, "वैनी, लेखी कसंतरी होईल. तोंडीत मारतील मला."

तोंडी परीक्षेत तिला दोन परीक्षकांपुढे एक विषय मांडून दाखवायचा होता. तो विषय मला तिने पहिल्या दिवशी सांगितला तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही, आणि पुढच्या महिनाभरात जेवढं कळलं तेवढं मी इथे लिहिते आहे. ज्या गोष्टी कशाही, आपल्या हातात नसल्यासारख्या घडत जातात, त्यांच्या चाली. अशा पुष्कळ चाली एकमेकींच्या जवळ येतात म्हणजे नेमकं काय होतं, हा तो विषय. पुस्तकात त्याला अभिसरण म्हणतात. कुंदा घरातसुद्धा कन्व्हर्जन्सच म्हणायची.

"तुला सांगते," ती म्हणाली. "तुला समजलं तर मला समजलं असं धरीन."

"मी चौथी शिकलेय गो."

"म्हणून तर. कॉलेजातल्या पोरी न समजता माना हालवतात. तू नाय हालवत."

ते खरं होतं. मला चारचौघांत बोलता येत नाही. आबांसमोर तर लग्नानंतर पाच वर्षं मी नीट तोंड उघडलं नव्हतं. पण समजलं नाही तर मान हलत नाही माझी. शाळेतही तसंच होतं. माझं माहेर मुरबाडच्या पलीकडे, काळू नदीच्या अंगाला. आमच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते. पाचवीला नदी ओलांडून जावं लागे आणि मुलींना कोणी पाठवत नसे. मला त्याचं फार वाईट वाटलं असं आठवत नाही. एकच आठवतं. चौथीच्या शेवटी गुरुजींनी फळ्यावर एक गणित अर्धवट लिहिलं, घंटा झाली, आणि ते तसंच राहिलं.

कुंदाने मला चौकटीचे कागद दिले आणि चार आण्याचं एक नाणं. छापा पडला की पेन्सिल एक घर पुढे आणि एक घर वर न्यायची. काटा पडला की एक घर पुढे आणि एक घर खाली. शंभर वेळा नाणं उडवलं की एक कागद पुरा. असे तिला शंभर कागद हवे होते. कॉलेजात कोणीतरी यंत्रावर करणार होतं, पण यंत्राला रांग होती, आणि कुंदाला हाताने काढलेलं बघायचं होतं. ती सकाळी निघून संध्याकाळी यायची. त्यामुळे सगळे कागद माझ्या वाट्याला आले.

दुपारी आबा आणि हे शेतावर टहाळ तोडायला गेले की मी माजघरात जमिनीवर बसायची. कौलाच्या फटीतून एक कवडसा बरोबर माझ्या गुडघ्यापाशी पडायचा आणि त्यात धुळीचे कण वरखाली करायचे. नाणं जमिनीवर पडून गरगर फिरायचं, थांबायचं. मी मोजायची. खळ्यावर भात मोजताना मोजतात तशी. आमच्याकडे पायलीने दाणे मोजताना पहिल्या पायलीला कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. माझा बाप तसा मोजायचा, आबा तसेच मोजतात, कुंदासुद्धा अंगणात सुकत घातलेल्या आमसुलांच्या टोपल्या तशाच मोजायची. मीही कागदावर तसंच मोजलं.

पहिले आठ-दहा कागद झाल्यावर मला ते आवडायला लागलं. प्रत्येक चाल वेगळी. एक सुरुवातीलाच खाली गेली ती शेवटपर्यंत वर आलीच नाही. एक मधल्या रेषेभोवती घुटमळत राहिली, दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी, आत येईना आणि जाईना. एक चढली, चढली, आणि शेवटच्या वीस पावलांत सगळं गमावून बसली. मी त्यांना मनात नावं ठेवली होती. कोणाला सांगितली नाहीत.

आणि तरी सगळ्यांत काहीतरी सारखं होतं. शंभर पावलं टाकून बहुतेक जणी दहा-बारा घरांच्या आतच राहायच्या. वीस घरं लांब गेलेली क्वचित. मी कुंदाला विचारलं, "शंभर पावलांत दहा घरं, तर चारशे पावलांत चाळीस जाईल?"

"नाय. वीसच."

"चौपट चालून दुप्पटच?"

"दुप्पटच. चालते त्यातलं बरंचसं मागंच येते ना."

मी त्या दिवशी पाणी भरताना, भाकऱ्या थापताना तेच घोळवत होते. चौपट चालून दुप्पट. मला त्यात काही कमी वाटलं नाही. उलट बरं वाटलं. इतकं मागेपुढे करूनही माणूस जागेवर राहत नाही, थोडा तरी सरकतो.

रविवारी कुंदाने चारशे पावलांची चाल त्याच मापाच्या कागदावर काढून दाखवली. घरं आडवी चौथाई केली आणि उभी निम्मी. मग ती आणि माझी शंभरची चाल शेजारी ठेवली. "कुठली कोणाची सांग." जवळून सांगता येत होतं, चारशेची जास्त बारीक होती. लांबून मात्र दोघी एकाच घरच्या दिसत होत्या. ती म्हणाली, पावलं वाढवत जायची आणि कागद तेवढाच ठेवायचा, की शेवटी एक अशी चाल उरते जिच्यात पाऊल म्हणून दिसतच नाही, नुसतं थरथरणं असतं. नाण्याऐवजी फासा घ्या, चिंचोके घ्या, दोन्हीकडचा तोल सारखा राखला आणि माप जुळवून घेतलं तर शेवटी तीच चाल येते. सगळ्यांचा स्वभाव तिथे जाऊन मिळतो.

"मग दोन कागद एकावर एक ठेवले तर रेघा जुळतील?" मी विचारलं.

"नाय जुळणार."

"मग जवळ आलं म्हणतेस ते काय?"

कुंदाने पेन्सिल कानामागे खोचली. मग म्हणाली, "वैनी, याच्यासाठी एक प्रमेय हाय. मला ते पाठ हाय. समजलं मात्र नाय."

ज्याच्या नावाने ते प्रमेय आहे त्याचं नाव मला आजही म्हणता येत नाही. त्यात असं होतं की, ज्यांचे नुसते स्वभाव जवळ येतात त्यांच्या जागी अगदी त्याच स्वभावाच्या दुसऱ्या चाली एकाच जमिनीवर अशा उभ्या करता येतात, की त्या खरोखर एकमेकींच्या जवळ येतात, पावलाला पाऊल लावून. इंग्रजीत त्याला रिप्रेझेंटेशन म्हणतात. मूळच्या चालींना हात लावायचा नाही, त्यांची प्रतिरूपं करायची. कुंदा हे चार वेळा म्हणाली. चारी वेळा माझी मान हलली नाही.

त्याच आठवड्यात आमच्या दोन झाडांचे आंबे उतरवले. एक शेप्या, त्याला शेपूचा वास. दुसरा गोट्या, गोल फळाचा. आतल्या खोलीत गवत पसरून मी दोन्हींची अढी लावत होते, पिकण्यासाठी. माझी एक सवय आहे, मी फळं लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेने लावते. लहान आधी काढायची, म्हणजे रोज सगळी अढी विसकटावी लागत नाही. कुंदा दारात बसून आंबे उचलायची, हातात खेळवायची, भलतीकडे ठेवायची.

"मघाशी म्हणालीस दोन्ही झाडांना यंदा सारखीच फळं लागलीत," ती म्हणाली. "हे बघ, याचा एवढासा आणि त्याचा केवढा."

"अगो, तू हाताला येईल तो उचलतेस. माझ्या रांगा नको मोडू. रांगेतनं घे. याचा दहावा घेतलास तर त्याचा पण दहावा घे."

मी हे रांगांसाठी म्हटलं होतं, दुसरं काही माझ्या मनात नव्हतं. कुंदाने शेप्याचा दहावा आणि गोट्याचा दहावा दोन हातांत घेतले. मग विसावा आणि विसावा. मग दोन्हींतला शेवटचा. प्रत्येक जोडी मापाला सारखी. ती गवतातच बसली.

"वैनी, हेच हाय गो ते."

"काय?"

"झाडं तीच, फळं तीच. फक्त दोघांना एकाच नंबराने बोलवायचं. कसाही एक नंबर काढायचा आणि दोन्ही रांगांना तोच सांगायचा. मग झाडं जसजशी सारखी होतील तसतशी जोडी जुळत जाईल. चालींना अशी सरळ रांग लावता येत नाय, तिथं जास्त खटपट हाय. पण मूळ हेच."

या वेळी माझी मान हलली. कुंदाने ते पाहिलं, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून गवतात आडवी झाली. तिच्या केसांत गवताच्या काड्या होत्या. बाहेर कोणीतरी सुके टहाळ ओढत नेत होतं, त्याचा सरसर आवाज लांबपर्यंत येत होता. मला वाटतं, त्या अख्ख्या उन्हाळ्यातली ती माझी सगळ्यात आवडती दुपार.

आता आमच्याकडे शेप्याचं झाड नाही, एका पावसात पडलं. आबाही राहिले नाहीत. अढी मी अजून लावते, एकाच झाडाची. कुंदाचा मोबाइलवर फोन येतो, विचारते, "रांगा लावल्यास?" मी म्हणते, लावल्या.

तोंडी परीक्षेच्या आधी चार दिवस शंभर कागद पुरे झाले. कुंदाने ते शाईने पक्के केले. मग तिच्या मनात आलं, शंभरही कागद एकापुढे एक जोडले तर दहा हजार पावलांची एक लांब चाल मिळेल, ती बारीक करून एका कागदावर काढायची आणि परीक्षकांना दाखवायची. एक कागद जिथे संपला तिथून पुढचा सुरू. सबंध दिवस ती तेच करत होती. संध्याकाळी मी दिवा लावायला गेले तर ती कागदाकडे डोळे लावून बसलेली.

"ही चढतेय," ती म्हणाली.

"चढते की कधी कधी."

"शंभर घरांच्या आसपास जायला पाहिजे. ही दोनशेच्या वर गेलीय. जाऊ शकते, पण सहसा नाय. आणि बघ ना कशी जातेय, थरथरते पण सारखी वरच."

दुसऱ्या दिवशी तिने नाण्यावर संशय घेतला. नाणं वाकडं आहे म्हणाली. ओट्यावर बसून जेवणवेळेपर्यंत उडवत राहिली. नाणं सरळ निघालं. मग तिने शंभर कागदांचा गठ्ठा घेतला आणि घराघराने तपासायला लागली. तिसऱ्या घराला किती कागद वर गेले, तर निम्मे. दुसऱ्या घराला, निम्म्याच्या आसपास. मग पहिलं घर. ती भराभर कागद उलटत गेली, मग हळू, मग थांबली.

"वैनी, पहिल्या घराला शंभरच्या शंभर छापा?"

मी पाटा धूत होते. म्हटलं, "तो लाभ हाय ना."

"म्हंजे?"

"लाभाला नाणं कशाला उडवायचं? तो वरच धरला मी. लाभ खाली कसा जाईल?"

कुंदा माझ्याकडे बघत राहिली. महिनाभर ती माझं लाभ, दोन, तीन ऐकत होती, संध्याकाळी घरी आली की शेजारी बसून. रोज ऐकलेलं कानाला टोचत नाही. माझ्या लक्षात आलं की काहीतरी फार मोठं चुकलंय, लाभालाही नाणं उडवायला हवं होतं. ती उठली, भरलेला हंडा अंगणात ओतून रिकामा केला आणि तो घेऊन विहिरीवर गेली.

तेवढ्या वेळात मी नाणं घेतलं. शंभर वेळा उडवलं आणि एका कागदावर लिहून काढलं, कुठल्या कागदाचं पहिलं पाऊल खरं कुठे पडायला हवं होतं. निम्मे कागद परत काढावे लागणार होते. परीक्षेला दोन दिवस. डोळ्यांत पाणी येत होतं, पण ते आकड्यांवर पडू नये म्हणून मी मान मागे करून लिहीत होते. कल्याणला जाणारी पोर एका अडाणी सवयीपायी मुरबाडच्या दुकानात बसणार, हेच डोक्यात.

कुंदा आली तेव्हा मी यादी पुढे केली. "मी चुकले. तू सांग, मी काढते परत. पन्नासच हायत."

तिने हंडा ठेवला. यादी वाचली. मग त्यातला एक कागद काढला, त्यावर पातळ कागद ठेवून तीच चाल दोन घरं खाली उतरवून काढली. पहिलं पाऊल वरऐवजी खाली पडलं असतं तर सगळी चाल तेवढीच खाली सरकली असती. दोन्ही कागद तिने माझ्या हातात दिले. "दारात उजेडाला धर. मी तिकडून बघते." ती अंगणाच्या टोकाला गेली, तिथून ओरडून म्हणाली, "आता तू ये इकडं, मी धरते." आम्ही जागा बदलल्या. अंगणाच्या टोकावरून मला एकच रेघ दिसली, थोडी जाड.

"काय फरक दिसतो?"

"नाय दिसत."

"ही शंभराची. दहा हजारांची असती तर ओट्यावरनं पण दिसला नसता. पहिलं पाऊल धरून चाललीस म्हणून काय बिघडत नाय. पुढं ते विरघळून जातं."

"मग जोडलेली का चढली?"

मी हे विचारलं आणि कुंदाचा चेहरा बदलला. ती कागद हातात धरूनच दारात उभी राहिली. "कारण त्यात तू शंभर वेळा लाभ धरलास," ती हळू म्हणाली. "एकदा धरलेला विरघळतो. दर कागदाला धरला तर त्यांचा चढ होतो. वैनी, काहीच खोडू नको. मी हेच मांडणार."

"आणि त्यांनी चूक म्हणून नापास केलं तर?"

"तर मुरबाडच्या दुकानात बसंन आणि गिऱ्हाइकाला लाभ धरून दाणे मोजीन. तुझ्या नावानं."

ती हसली. मला हसू आलं नाही. संध्याकाळी मी राबावर गेले आणि शेणाच्या पाट्या इतक्या भराभर टाकल्या की हे म्हणाले, "आज काय अंगात आलंय?"

परीक्षेच्या दिवशी कुंदा सकाळीच गेली आणि उन्हं उतरताना परत आली. आबा ओट्यावर होते. मी दाराच्या आत उभी राहून ऐकत होते. दोन परीक्षक होते, जाड चष्म्याचे एक सर आणि एक बाई. कुंदाने आधी सुटे कागद दाखवले, मग जोडलेली चाल, आणि लाभाचं स्वतःहून सांगितलं. बाईंनी विचारलं, "चूक कळल्यावर दुरुस्त का नाही केली?" कुंदाने पातळ कागद पुढे केला. म्हणाली, दुरुस्त केलेली पण आणलीय, एकावर एक ठेवून बघा. सर खिडकीपाशी जाऊन बराच वेळ बघत उभे राहिले. मग त्यांनी प्रमेयाचं विचारलं. कुंदाने ते आधी पुस्तकातल्यासारखं लिहून दाखवलं आणि मग आंब्यांचं सांगितलं.

"मग काय बोलले?" आबांनी विचारलं.

"सर म्हणाले, आंबे आणलेत का?"

"आणि?"

"आणि म्हणाले, या तुम्ही."

आबांनी इरल्यावरचा हात थांबवला. "या म्हंजे पास का नापास?"

"या म्हंजे जा," कुंदा म्हणाली आणि चप्पल काढून आत आली. माझ्याजवळून जाताना तिने माझा दंड जोरात दाबला. तो दुसऱ्या दिवशीही दुखत होता.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. राब भाजला, पेरला, पाऊस लागला, रोपं वर आली. निकालाचं कोणी बोलत नव्हतं. मुरबाडहून एकदा निरोप आला, आबांनी "निकाल लागू दे" एवढंच कळवलं. मी स्वतःशी नाणं उडवून बघायची आणि लगेच स्वतःलाच बोल लावायची, की पोरीच्या आयुष्यावर कसली छापाकाटा करतेस. पण कधी कधी वाटायचं, माझं लग्न, माझं या घरात येणं, तिचा एक पेपर राहणं, ती माझ्याजवळ येऊन बसणं, यांतलं काय कोणी ठरवलं होतं? जवळून बघितलं तर सगळं वाकडंतिकडं. तिची चाल एक, माझी एक. कुठल्याही दोन कागदांसारख्या त्या जुळायच्या नव्हत्या. महिनाभर आम्ही एका जमिनीवर बसलो आणि पावलाला पाऊल लागलं, एवढं मला समजतं.

आवणीच्या ऐन घाईत निकाल लागला. मी गुडघाभर चिखलात रोपं लावत होते. वरच्या तुकड्यात आबा बैलांनी चिखलणी करत होते. कुंदा बांधावरून आली, चपला हातात, आबांची छत्री उघडायची विसरलेली, चिंब भिजलेली. बांधावर उभी राहून म्हणाली, "सुटले."

आबांनी बैल थांबवले. "किती?"

"सुटण्यापुरते."

"बास झाले," आबा म्हणाले आणि बैलांना हाकलं.

मी रोपांची मूठ तशीच धरून उभी होते. शेजारच्या बायकांच्या ओळी माझ्यापुढे निघून गेल्या होत्या.

आवणी आटोपल्यावर आबा मुरबाडला गेले. निरोप पाठवता आला असता, पण दोन वर्षं शब्द देऊन थांबवलेल्या माणसांना तोंडावर नाही सांगायचं तर आपणच जायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. धुतलेली टोपी घातली, एस.टी.ने गेले, आणि उशिरा दुपारी भिजून परत आले. पाय धुऊन पाटावर बसले. मी वाढत होते. कुंदा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आत यावं की नाही ते न कळल्यासारखी.

"काय म्हणाले?" तिने शेवटी विचारलं.

"म्हणायचं ते म्हणाले. पण चा पाजला, म्हंजे तोडलं नाय." आबांनी भाताला आळं केलं. "त्यांच्या थोरल्यानं विचारलं, पोरगी एवढं शिकते तरी काय?"

"मग तुमी काय सांगितलं?"

आबांनी एक घास खाल्ला, सावकाश गिळला. "मी म्हटलं, मला नाय सांगता येणार. माझ्या घरात दोघींना म्हाईत हाय."

मी त्यांच्या भातावर कालवण घातलं. थोडं थांबून परत घातलं. आबांनी हात आडवा केला नाही.